पात्याचं पाणी

राजा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसून मी तो नवा चाकू वीसेक वेळा उघडला आणि मिटला. जुलैचा शेवटचा आठवडा होता. गंगा चढली होती, खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि नावाड्यांनी नावा वर ओढून पार भिंतीलगत बांधल्या होत्या. माणसं कमी, त्यामुळे गलकाही कमी. मला तेच हवं होतं, कारण मिटता चाकू आधी कानाने पारखावा लागतो.

गेली चोवीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या रोपवाटिकेत काम करतो. पहिली बारा-तेरा वर्षं फक्त कलमं बांधली. आता बांधणाऱ्यांवर देखरेख असते, पण हंगामात हात अजून रोज चालतोच. चाकू माझ्या खिशात घराच्या किल्लीसारखा पडलेला असतो, आहे हे लक्षातही राहत नाही. म्हणूनच मुंबईच्या विमानतळावर तपासणीत तो निघाला. सामानात टाकायला हवा होता, ते मी विसरलो. तपासणाऱ्या मुलीने नियम सांगितला आणि तो बरोबरच होता. अकरा वर्षं वापरलेला चाकू तिथल्या डब्यात टाकून मी पुढे गेलो. विमानात बसल्यावर तीन-चारदा हात उगाच खिशाकडे गेला.

निघालो होतो आत्याकडे. ती लग्न होऊन बनारसला गेली त्याला बेचाळीस वर्षं झाली. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या मधला हा राजा घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे उत्तरायुष्यात काशीला येऊन राहिले, त्यांच्या नावाने याला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. आत्या अजूनही "अमृतरावांचा घाट" असंच म्हणते. घाटाच्या मागच्या गल्लीत तिचं तीन मजली जुनं घर आहे, वर गच्ची, आणि गच्चीवर माकडांपासून वाचवलेली तुळस, गवती चहा, दोन-चार मिरच्या.

जूनच्या मध्यावर तिचा फोन आला होता. "यंदा लंगडा फार गोड निघालाय रे. कोयी फेकवेनात, डब्यांत लावल्यात. तू एवढी जगाची कलमं बांधतोस, मला बांधून दे की. येताना काही आणू नकोस, नुसते हात घेऊन ये."

लंगड्याची कोय लावली म्हणजे लंगडा येत नाही. येईल ते झाड आंब्याचंच, पण फळ कसलं निघेल त्याचा भरवसा नाही. आपल्याकडे रायवळाचं तेच. लंगडा हवा असेल तर खऱ्या लंगड्याच्या झाडाची काडी आणून त्या रोपावर बसवावी लागते. आज जगात लंगड्याची जितकी झाडं आहेत, हापूसची जितकी आहेत, ती अशीच काडीवर काडी करत आलेली आहेत. बनारसी लंगड्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला २०१८ साली. ते कागद महत्त्वाचे आहेतच. पण झाड खरं आहे की नाही ते कुणीतरी कधीतरी चाकूने केलेल्या दोन कापांवर ठरलेलं असतं.

आत्याच्या ओळखीने शहराबाहेरच्या एका बागेतल्या माळ्याशी मी फोनवर बोललो. लंगड्याच्या तीन-चार महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या काड्या निवडायच्या, माझ्या येण्याआधी आठ दिवस त्यांची पानं देठ ठेवून कापायची म्हणजे डोळे फुगतील, असं सगळं सांगून ठेवलं होतं. पोचलो तर सगळं तयार. गच्चीवर चौदा डब्यांत चौदा रोपं, पानं अजून तांबूस. कोय कलमाला हेच वय लागतं, दहा-पंधरा दिवसांचं. पान हिरवं होऊन राठ झालं की वेळ गेली. काड्या काही दिवसांनी येणार होत्या. नव्हता फक्त चाकू.

आत्याने स्वयंपाकघरातल्या सुऱ्या पुढे केल्या. सुरी चालत नाही असं नाही. पण सुरीचं पातं लांब आणि लवचीक, कापताना ते काडीत वाकतं आणि काप पोटात खोलगट होतो. कलमाला आखूड, ताठ पातं हवं. मूठ सगळ्या बोटांत मावणारी हवी, आणि काम झालं की पातं मिटून खिशात जायला हवं, कारण आमच्या कामात माणूस दिवसभर उठतो, बसतो, वाकतो.

म्हणून गोदौलियाकडच्या एका गल्लीत गेलो. दुकानदाराने आधी चकचकीत माल काढला. एकावर नऊ अवजारं, दुसऱ्यावर लाल मूठ आणि पांढरा क्रॉस, तिसऱ्यावर जर्मनीचं नाव. शिक्का पाहून मी चाकू कधीच घेतलेला नाही. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीला तारा आणि माल्टीज क्रॉस हा शिक्का १७६४ साली मिळाला, आणि तिचं नाव झालं तसा तो शिक्का जगभर चोरला गेला. जर्मनीतल्या सोलिंगेन गावाने तर आपलं नाव १९३८ साली कायद्यानेच राखून घेतलं. असा कायदा करावा लागतो म्हणजे खोटं नाव ठोकणारे किती असतील! चांगला माल नावाचा असतोही, पण नाव ठोकायला एक हातोडीचा घाव पुरतो. पात्याला पाणी द्यायला माणूस लागतो.

चुंबक म्हणून दुकानातल्याच एका पेचकसाचं टोक लावून पाहिलं. लाल मुठीच्या पात्याला ते चिकटेना. म्हणजे ते भांड्यांचं स्टील. ते गंजत नाही हे खरं, पण त्याला पाणीच बसत नाही, तापवून विझवलं तरी कडक होत नाही. उलट चुंबक चिकटला म्हणजे चाकू चांगला, असंही नाही. एवढंच कळतं की पुढे तपासण्यात अर्थ आहे.

मी साधा चाकू मागितला तेव्हा त्याने खालच्या खणातून एक कागदात गुंडाळलेला काढला. शिसवी मूठ, तोंडाशी पितळ, आणि तीन इंचांचं मळकट करडं पातं. "रामपूर का है, पर बिकता नहीं," तो म्हणाला. रामपूरचं नाव काढलं की लोकांना सिनेमातला खटक्याचा चाकू आठवतो. मला त्या गावाबद्दल आदर आहे तो वेगळ्या कारणाने. हाताने घडवलेलं मिटतं पातं करणारे कारागीर देशात फार थोड्या गावांत उरले आहेत. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली, स्वस्त बाहेरचा माल आला, आणि तो धंदा आटला. २०२३ च्या मार्चमध्ये रामपूरच्या चौकात वीस फुटांचा चाकू उभा केला गेला. ठीक आहे, पण माझ्या मते त्यापेक्षा तीन इंचांच्या चाकूंना गिऱ्हाईक मिळणं जास्त गरजेचं आहे. माळी, कलम बांधणारे, केळी-सुपारीवाले, कातडीकाम करणारे, यांना तो रोज लागतो.

शेजारी चाव्या करणारा बसला होता. त्याची बारीक कानस मागून घेतली आणि पात्याच्या मुळाशी, जिथे धार संपते त्या कोपऱ्यावर, अलगद एकदा ओढली. कानस घसरली, आणि घसरता घसरता किंचित चावली. मला हवं होतं ते एवढंच. नुसती काचेवरून गेल्यासारखी घसरली असती तर पातं ठिसूळ असण्याची भीती, धार कडाकडा उडते. लोण्यात रुतावी तशी रुतली असती तर पातं मऊ, संध्याकाळपर्यंत धार लोळते. दुकानदाराला मी आधी विचारलं होतं, त्याने हरकत घेतली नाही. "आज पहिल्यांदा कुणी असं पाहतंय," म्हणाला. २८० रुपये दिले आणि घाटावर येऊन बसलो.

दुकानात घाई होते. उरलेली पारख शांतपणे करायची असते.

आधी मिटलेला चाकू आकाशासमोर धरला. पाठीची स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्या यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहायचं. दिसला तर त्या फटीतून चीक जाणार, पाणी जाणार, गंज चढणार, आणि चाकू सहा महिन्यांत खिळखिळा. शेपटाकडे केसाएवढी एक रेघ होती, बाकी बंद. मग उघडून तेच पाहिलं. नंतर मूठ डाव्या हातात घट्ट धरून पात्याचं टोक चिमटीत पकडून आडवं हलवलं. बोटांना काहीतरी लागलं, डोळ्यांना दिसलं नाही. नव्या चाकूत एवढं चालतं. डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर तो चाकू परत करावा. रिबिट ठोकून तो घट्ट होतो, पण मग उघडताना नख तुटतं.

मग आवाज. चांगल्या स्प्रिंगचं पातं अर्ध्या वाटेपर्यंत तुम्ही उघडता आणि शेवटचं अंतर ते स्वतः खेचून घेतं, टक्कन. मिटतानाही तसंच. खर्र आवाज आला तर आत धातूचा कीस राहिलाय. आवाजच आला नाही आणि पातं मऊसर बसलं, तर स्प्रिंगमध्ये जोर नाही. याच्या आवाजात दम होता. गलका कमी असल्यामुळे तो पलीकडच्या नावेपर्यंत गेला असावा, कारण नावेतल्या मुलाने मान वळवून पाहिलं.

आता एकच गोष्ट राहिली होती, आणि बहुतेक लोक तीच विसरतात. मिटल्यावर धार कुठे टेकते? घडण चांगली असेल तर पात्याचा मुळाकडचा जाड भाग स्प्रिंगवर बसतो आणि धार अधांतरी राहते. घडण चुकली तर दर वेळी मिटताना धार स्प्रिंगवर आदळते, आणि तुम्ही रोज धार लावता, चाकू ती रोज खातो. वर छत्रीखाली बसलेल्या घाटियाकडून, म्हणजे घाटावरच्या पंड्याकडून, मी बोटावर थोडं ओलं गंध मागून घेतलं, धारेवर पुसलं आणि पातं जोराने मिटलं. पुन्हा उघडून मुठीच्या पोटात पाहिलं. टोकापासून बोटभर मागे, स्प्रिंगवर पिवळा ठिपका. दुसऱ्यांदा केलं, ठिपका तिथेच.

मला वाईट वाटलं. इतकं चांगलं पातं घडवणाऱ्याने अखेरचा अर्धा मिलिमीटर सोडून दिला होता. तरीही चाकू परत करायला गेलो नाही, कारण हा दोष निभावता येतो. पात्यात पाणी नसेल तर ते मात्र कुणाच्या बापाला घालता येत नाही.

हे मी इतकं धरून का बोलतो ते सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी रोपवाटिकेसाठी मी चोवीस नवे चाकू एकदम घेतले होते. कुणाकडून ते महत्त्वाचं नाही. पाती आरशासारखी, धार अशी की हातावरचे केस उडत होते. मी खूश झालो. पहिल्या दिवशी कलमं झरझर बांधली गेली. तिसऱ्या दिवसापासून बायका सांगू लागल्या, दादा, चाकू ओढतोय. मी धार लावून दिली, दुपारपर्यंत परत तेच. मग नीट पाहिलं तेव्हा टोकाजवळ निळसर झाक दिसली. पोलादाला पाणी देऊन झाल्यावर ते पुन्हा बेतानं तापवतात, त्याला साधारण २२०–२३० अंशांना फिकट पिवळा रंग चढतो आणि ३०० च्या आसपास निळा. कारखान्यात घाईघाईने एमरीच्या चाकावर धार काढताना पातळ कड इतकी तापली होती की तिच्यातलं पाणी उतरलं होतं. वर पॉलिश मारल्यामुळे बाकी रंग झाकला गेला. केस उडवणारी धार कुणालाही काढता येते, अगदी पत्र्यालासुद्धा. ती टिकते किती, हे पोलादावर अवलंबून.

त्या वर्षी नव्या चाकूंनी बांधलेल्या कलमांपैकी शंभरात चाळीसही जगली नाहीत. आमच्याकडे एरवी पंचाहत्तर-ऐंशी जगतात. दोन काकींनी नवे चाकू घेतलेच नव्हते, त्या आपल्या जुन्यांवरच बांधत होत्या, त्यांची नेहमीसारखी जगली. त्यावरून मला उमगलं. बोथट पातं लाकूड कापत नाही, चेंगरतं. सालीच्या आत जो ओला हिरवट थर असतो, जिथून खुंट आणि काडी एकमेकांना धरतात, तो थर चेंगरला की काळा पडतो, आणि बुरशी आत शिरते. बाहेरून पट्टी नीट बांधलेली असते, सगळं ठीक दिसतं. तीन आठवड्यांनी काडी सुकलेली सापडते.

कलमं पुढच्या वर्षी पुन्हा बांधता येतात. त्याच हंगामात एका मुलीच्या हातात पातं उलटं मिटलं. बोथट म्हणून तिने जोर लावला, स्प्रिंग सैल म्हणून पातं मिटलं, आणि तर्जनीवर आलं. पाच टाके पडले. बोट बरं झालं पण पूर्ण वाकत नाही. ती आता पट्ट्या बांधायचं काम करते, कापायचं नाही. ते चाकू मी निवडले होते. तेव्हापासून रोपवाटिकेत नवा चाकू आला की तो आधी माझ्या हातातून जातो, आणि मग एक आठवडा माझ्याच खिशात राहतो.

तेव्हाच आणखी एक लक्षात आलं. आमच्याकडे एक डावखुरी बाई होती, हात अतिशय सफाईदार, तरी तिची कलमं कमी लागायची. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो. दुसरी बाजू सपाट, ती लाकडावर टेकून सरकते, म्हणून काप सरळ येतो. उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात आला की उतार लाकडाकडे येतो आणि पातं वर उडतं. तिला उलटा उतार काढून दिला, त्या वर्षापासून ती सगळ्यांत पुढे.

तर बनारसच्या चाकूला धार होती दोन्ही बाजूंनी, भाजी-फळांच्या कामाची. ती मला एकीकडून सपाट करून घ्यायची होती. आत्याकडे लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेला चुनारचा एक लाल दगड होता. घाटांना जो लागलाय तोच, वाळूचा दगड. तो पाण्यात भिजवला आणि दोन संध्याकाळी गच्चीवर बसून पात्याची डावी बाजू पाडून घासली. धार लावताना पातं तापू द्यायचं नाही, म्हणून दर दहा हातांना पाणी. चुनारचा दगड भरभर खातो, पण त्याची खूण राहते. पात्यावर रेघा दिसत होत्या. त्यापेक्षा बारीक दगड आत्याकडे नव्हता.

तो मिळाला घाटावरच. तिथे मुंडण करणारे न्हावी असतात. आता बहुतेकांकडे बदलायचं अर्धं पातं असतं, पण एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या पेटीत अजून काळा निसणा आणि चामड्याचा पट्टा होता. मी त्यांना चाचा म्हणालो आणि चाकू पुढे केला. त्यांनी तो घेतला, धारेकडे समोरून पाहिलं, सूर्याकडे वळून. मीही तसंच पाहतो. धार खरी लागलेली असेल तर समोरून काहीच दिसत नाही. जिथे पांढरी चमक दिसते तिथे ती बोथट आहे किंवा खांडी आहे. "तीन जगह दिख रहा है," ते म्हणाले. मग त्यांनी निसण्यावर थुंकीऐवजी तेलाचा थेंब टाकला, आणि तर्जनीने पात्याला वरून नुसता स्पर्श करत इतक्या हलक्या हाताने ते फिरवलं की आवाज ऐकू येईना. शेवटी पट्ट्यावर परजलं. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. सरकली नाही, जिथे टेकवली तिथेच थांबली.

"लोहा अच्छा है," म्हणाले. "बाबूजी, किस काम का है?"

मी आंब्याचं कलम सांगितलं. त्यांना आवडलं. पैसे घेताना त्यांनी फक्त वीस रुपये घेतले, आणि मी गंधाच्या ठिपक्याची गोष्ट सांगितली तेव्हा जुन्या पट्ट्याची नखाएवढी चिंधी कापून दिली. ती मुठीच्या पोटात, स्प्रिंगवर चिकटवली. आता धार चामड्यावर टेकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या आल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. एक काडी वाया जायचीच असं धरून पहिली पाचर कापली. काडी डाव्या हातात, मनगट छातीला टेकलेलं, पातं तिरपं लावायचं आणि पातं नव्हे तर कोपर मागे घ्यायचं, एका ओढीत. चार-पाच सेंटिमीटरचा काप. मध्ये थांबलात की तिथे पायरी पडते. एका बाजूने झालं की काडी फिरवून दुसरीकडून तसंच. कापलेली बाजू मी पात्याच्या सपाट अंगावर टेकवून गच्चीच्या कठड्याशी उजेडात धरली. काप आणि पोलाद यांच्यामधून उजेड येत नव्हता. लाकूड ओलं, हिरवट-पांढरं, आणि कड सालीपर्यंत अखंड. कुठे तंतू उपटलेला नाही.

त्या क्षणी मला तो चाकू पटला.

रोपाचा शेंडा कोयीपासून आठेक सेंटिमीटरवर उडवला, मधोमध उभी खाच दिली, पाचर आत सारली. एका तरी बाजूला सालीला साल भिडली पाहिजे. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर, ताणून. आत्या मोडा घेऊन शेजारी बसली होती आणि प्रत्येक डब्यावर खडूने आकडा घालत होती. "तुझ्या आजोबांचा हात असाच चालायचा," म्हणाली. पाच कलमं झाली की मी पातं चीक पुसून पट्ट्यासारखं आत्याच्या जुन्या चामडी पाकिटावर दहा वेळा परजत होतो. आंब्याचा चीक पोलादावर काळा डाग पाडतो. चौदा कलमं होईपर्यंत करडं पातं निळं-काळं झालं. हा काळा रंग वाईट नव्हे, तो बसला की गंज उशिरा धरतो. फक्त रात्री चीक तसाच ठेवून चाकू मिटायचा नाही.

चौदाव्या कलमाला धार पहिल्याइतकी नव्हती, पण ओढतही नव्हती. कागद घेऊन कापून पाहिला, शेवटच्या इंचात किंचित अडला. कारखान्यातून आलेल्या माझ्या जुन्या चाकूलाही चाळीसेक कलमांनंतर परजावं लागे. हा हाताने घडवलेला, २८० रुपयांचा, दोन संध्याकाळींच्या मेहनतीनंतर त्याच्या जवळपास आला होता. फक्त पात्याचं म्हणाल तर मी याला उत्तम म्हणेन. घडणीला मध्यम. बाहेरून पाहून कुणीही उलट सांगितलं असतं.

कलमांवर पारदर्शक पिशव्या उलट्या घालून, त्या सावलीत ठेवून, वर माकडांसाठी जुनी लोखंडी जाळी टाकून मी परतलो. येताना महानगरी एक्स्प्रेसने आलो. चाकू मुद्दाम आत्याकडे ठेवला, म्हटलं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लागेल.

तुम्ही कधी मिटता चाकू घेतलात तर दुकानात पाच मिनिटं जास्त थांबा. उजेडात धरा, हलवून पाहा, आवाज ऐका, मिटल्यावर धार कशावर टेकते ते तपासा, आणि दुकानदाराला विचारून मुळाशी कानस लावा. दुकानदार हसला तरी हसू द्या. आणि तुम्ही तो दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर आधी आठवडाभर आपल्या हातात वापरा.

तेविसाव्या दिवशी आत्याचा फोन आला. चौदापैकी दहांना तांबूस फुटवा आला होता. दोन कोयी कुजल्या, एक माकडाने जाळीखालून हात घालून उपटलं, आणि तेरावं कलम सुकलं. तेराव्याची पाचर कापताना माझा हात मध्ये थांबला होता.